साठ मीटर तार आणि सेकंदाचा हिशेब

जर्मनीत वा ऑस्ट्रियात नोकरीनिमित्त राहणारे आपले आप्त सुटीत घरी येतात, तेव्हा त्यांच्या सामानातून कधी कधी भिंतीवरचे एक घड्याळ बाहेर निघते. त्याच्या तबकडीवर मनोऱ्यातून निघणाऱ्या लहरींचे चिमुकले चित्र असते. आणि ‘ह्याला किल्ली द्यायला नको, काटे फिरवायला नकोत, हे आपली वेळ आपणच लावून घेते,’ असे कौतुकाने सांगितले जाते. मडगावात किंवा बेळगावात ते भिंतीवर चढते. सेल घालताच काटे गरागरा फिरून बारावर येऊन थांबतात, बराच वेळ कशाची तरी वाट पाहतात, आणि अखेर खरी वेळ कोणतीही असो, बारापासूनच चालू लागतात. प्रवासात घड्याळ बिघडले, असा घरच्या मंडळींचा समज होतो. वस्तुतः ते अगदी धडधाकट असते. ज्या हाकेसाठी ते कान देऊन बसलेले असते, ती हाक जवळजवळ सात हजार किलोमीटर मागे राहिलेली असते, एवढेच.

ही हाक जर्मनीतील माइनफ्लिंगेन ह्या गावाहून निघते. फ्रँकफुर्ट शहराच्या आग्नेयेस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर हे गाव आहे. तेथील ‘डी.सी.एफ. ७७’ हे केंद्र १९५९ पासून नियमितपणे ७७.५ किलोहर्ट्‌झवर, म्हणजे आपल्या वडिलांच्या पिढीच्या भाषेत साडेसत्याहत्तर किलोसायकलवर, वेळ प्रसारित करीत आले आहे. केंद्रातील घड्याळे सिझियमच्या अणूंच्या कंपनांवर चालतात, व त्यांच्यावर ब्राउनश्वाइग येथील जर्मन राष्ट्रीय मापनसंस्थेची देखरेख असते. जर्मनीची अधिकृत वेळ ठरविणे व ती सर्वांपर्यंत पोहोचविणे, हे काम १९७८ च्या कायद्याने ह्याच संस्थेकडे सोपविले. त्या देशातील रेल्वेस्थानकांवरची घड्याळे ह्या लहरींवर चालतात, आणि कित्येक जुन्या चर्चच्या मनोऱ्यांवरची घड्याळेसुद्धा. ज्या मनोऱ्याची घंटा ऐकून एके काळी शेतकरी आपले घड्याळ लावीत असे, तो मनोरा आता माइनफ्लिंगेनचे ऐकतो.

ह्या लहरींवर कोणी बोलत नाही. सांगण्याची रीत मात्र मोठी साधी आहे. प्रत्येक सेकंदाच्या आरंभी लहरीचे बळ क्षणभर उतरते. उतरण्याचा काळ सेकंदाचा दहावा भाग असेल तर त्याचा अर्थ शून्य, आणि पाचवा भाग असेल तर एक. अशा शून्य-एकांच्या मालिकेतून मिनिट, तास, तारीख, वार, महिना व वर्ष, हे सर्व एका मिनिटात सांगून होते. आणि ते चालू मिनिटाचे नसून पुढच्या मिनिटाचे असते, म्हणजे ऐकणाऱ्याला तयारीस अवसर मिळतो. एकोणसाठाव्या सेकंदाला मात्र लहर उतरतच नाही. हा जो चुकलेला ठोका, तोच इशारा: आता जो ठोका पडेल तो नव्या मिनिटाचा. उन्हाळी वेळ सुरू व्हायची वा संपायची असेल, तर त्याचीही सूचना तासभर आधीपासून ह्याच मालिकेतून दिली जाते. वेळेची ही सांकेतिक भाषा १९७३ पासून वापरात आहे.

आता एरियलकडे वळू. प्रकाशाच्या वेगाला कंपनसंख्येने भागले की लहरीची लांबी मिळते. येथे ती येते सुमारे ३,८७० मीटर, म्हणजे पावणेचार किलोमीटरांहूनही अधिक! रेडिओचे जुने पुस्तक काढून पाहिले, तर चांगले एरियल लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढे असावे, असे त्यात आढळेल. म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर उंच खांब उभारावा लागेल. इतका खांब ज्याच्या अंगणात मावेल असा गृहस्थ कोणत्याच गावी नाही. तथापि मनगटावरच्या घड्याळातही ही लहर पकडणारे एरियल बसविलेले असते. ह्यातील विसंगती केवळ दिसण्यापुरती आहे. इतक्या खालच्या कंपनांवर लहर क्षीण असण्याची अडचण फारशी नसते. अडचण असते ती कोलाहलाची. दूरच्या विजांचा कडकडाट, मोटारी, दिवे, विजेच्या तारा, सर्वांचा गलबला तेथे एकवटलेला असतो. एरियल मोठे केले तर वेळ जशी मोठ्याने ऐकू येते, तसा गलबलाही तितक्याच पटीने मोठ्याने ऐकू येतो, आणि हाती काहीच लागत नाही. येथे उपयोगी पडते ते नको ते ऐकण्यास नकार देणारे एरियल. रेडिओ दुरुस्त करणारे ज्याला ‘लूप’ म्हणतात, ते तारेच्या वेढ्यांचे चौकटी एरियल हा नकार फार उत्तम रीतीने देते. माझ्या मते त्याचा खरा गुण हाच. ऐकण्याचा गुण त्यामानाने दुय्यम.

अशी एक चौकट तयार होताना मी रोममध्ये पाहिली, व तिला थोडा हातभारही लावला. तेथे शिक्षणासाठी राहत असताना आमच्या वसतिगृहाच्या तळमजल्यावर एक वृद्ध धर्मगुरू राहत असत. आयुष्यभर त्यांनी हिब्रू शिकविले. आता दृष्टी पूर्ण गेली होती. त्यांच्या उशाशी एक बोलणारे घड्याळ होते. बटण दाबले की ते वेळ सांगे. तेही माइनफ्लिंगेनच्या हाकेवर चालणारे. रोमपासून ते केंद्र आकाशमार्गे साडेनऊशे किलोमीटरांच्या आतबाहेर. मध्ये आल्प्स पर्वत आहे, पण इतक्या लांब लहरीला त्याची मोठीशी मातब्बरी नाही. खरा अडथळा होता तो त्यांच्या खोलीचाच. तीन बाजूंनी हातभर जाडीच्या भिंती, छतात पुढे केव्हा तरी घातलेल्या लोखंडी तुळया, बाहेरच्या वाटेवर ट्यूबलाइटांची रांग, आणि भिंतीपलीकडे लिफ्ट. घड्याळाच्या पोटातल्या बोटभर फेराइटच्या कांडीला ह्या गदारोळात काहीच उमगत नसे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात पहाटे सगळी घड्याळे एक तास मागे येतात. फादरांचे घड्याळ आले नाही. त्यांनी बटण दाबले, घड्याळाने सांगितले तसे ते उठले, भिंतीला हात लावीत चॅपेलमध्ये गेले, आणि कोणीही न आलेल्या त्या थंडगार चॅपेलमध्ये तासभर बसून राहिले. तक्रार केली नाही. परंतु त्या दिवसापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारू लागले; घड्याळ उशाशी असूनही. ज्याने चाळीस वर्षे तासाच्या ठोक्याला वर्गात पाऊल टाकले, त्याला दर प्रहरी दुसऱ्याला वेळ विचारावी लागणे किती जड जात असेल, हे आम्हाला दिसत होते. कोणी म्हणाले, घड्याळ हाताने लावून द्यावे. पण ते घड्याळ दर काही दिवसांनी मागे-पुढे होई, व बरोबर आहे की नाही हे त्यांना कळण्यास मार्ग नव्हता. प्रश्न वेळेचा होता, तसाच भरवशाचाही होता. आमच्यांत विद्युत्-अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेला एक विद्यार्थी होता. त्याने सांगितले, ‘चौकट बांधू या. तिला वीज नको, घड्याळाला तार जोडणे नको. नुसती शेजारी ठेवायची.’

चौकटीचे बांधकाम सुतारकाम ज्याला थोडेसे येते त्याला एका दुपारचे आहे. पंचाऐंशी सेंटीमीटर लांबीच्या दोन वाळलेल्या लाकडी पट्ट्या पतंगाच्या काड्यांसारख्या एकमेकींवर आडव्या बसवाव्या. चारही टोकांना सहा-सात सेंटीमीटर रुंदीच्या फळ्या ठोकून त्यांच्यात दोन-दोन मिलिमीटरांवर खाचा पाडाव्या. ह्या खाचांतून तारेचे पंचवीस वेढे घेतले की साठ सेंटीमीटर बाजूचा चौरस तयार होतो. एका वेढ्याला दोन मीटर चाळीस सेंटीमीटर, म्हणजे एकूण साठ मीटर तार. ही तार मोटारी गुंडाळण्याच्या दुकानात मिळते तीच, एनॅमलचा लेप असलेली तांब्याची, पंचवीस गेजची, जाडी अर्धा मिलिमीटर. आपल्याकडे ती वजनावर विकतात. साठ मीटरांचे वजन भरेल सुमारे एकशे दहा ग्रॅम. वेढे एकमेकांना चिकटू न देता अंतर राखून घ्यावे. पट्ट्यांच्या जागी धातूची अखंड चौकट मात्र कदापि वापरू नये. धातूचे बंद कडे म्हणजे स्वतःच एक वेढा. आलेली लहर तेच गिळून टाकते.

अशा वेटोळ्याचे प्रेरकत्व एक मिलिहेन्रीच्या किंचित खाली येते. त्याला ७७.५ किलोहर्ट्‌झवर आणण्यासाठी दोन्ही टोकांमध्ये सुमारे ४,४०० पिकोफॅरडचा कंडेन्सर लागतो. आम्ही ३,९०० पिकोफॅरडचा कायम कंडेन्सर लावला, आणि त्याच्या जोडीला जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतला गँग कंडेन्सर, त्याचे दोन्ही भाग एकत्र जोडून. गँग मिळाला तो रोमच्या ‘पोर्ता पोर्तेसे’च्या रविवारच्या जुन्या बाजारात. (रविवारी बाजारात गेल्याबद्दल वसतिगृहाच्या प्रमुखांनी भुवई वर केली, कारण ऐकल्यावर ती खाली आली.) कायम कंडेन्सर अभ्रकाचा किंवा पॉलिस्टायरीनचा असावा. स्वस्तातले सिरॅमिक कंडेन्सर हवा थंड-गरम झाली की आपले मूल्य बदलतात, आणि दुपारी जुळविलेली चौकट पहाटे बेसूर झालेली आढळते.

कंडेन्सर कशासाठी, हे झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला विचारावे. झोपाळ्याला आपला म्हणून एक हेलकावा असतो. त्या हेलकाव्याशी जुळवून करंगळीने दिलेला धक्काही साठत साठत मोठा होतो, आणि अवेळी दिलेले जोरदार धक्के वाया जातात. वेटोळे व कंडेन्सर मिळून असाच एक विजेचा झोपाळा होतो. आकडेच सांगायचे तर आमची पंचवीस वेढ्यांची चौकट ह्या लहरीच्या दृष्टीने केवळ दीड सेंटीमीटर उंचीच्या काडीएवढी आहे. त्या ठिकाणी लहरीचे बळ मीटरला एक मिलिव्होल्ट धरले, तर चौकटीत उमटतात जेमतेम पंधरा मायक्रोव्होल्ट. परंतु सूर जुळला, की चांगल्या तारेच्या चौकटीत तेच सत्तर पटींच्या आसपास वाढून एक मिलिव्होल्टपर्यंत पोहोचतात, आणि आजूबाजूच्या कंपनांना तो लाभ मिळत नाही. दीड सेंटीमीटरची काडी मीटरभर उंच झाली, असे म्हणा ना.

सूर जुळला हे ओळखायचे कसे? कानाला तर ७७ हजार कंपने ऐकू येत नाहीत. आम्ही चौकटीच्या आतल्या अंगाला तारेचा एकच स्वतंत्र वेढा घेतला व त्याची दोन टोके संगणकाच्या चांगल्या साउंड कार्डाला दिली. सेकंदाला १,९२,००० नमुने घेणारे कार्ड ९६ किलोहर्ट्‌झपर्यंतच्या लहरी थेट पडद्यावर आणू शकते. वेगळा रेडिओ लागत नाही. पडद्यावर गवतासारखा कोलाहल दिसत होता. गँगची खुंटी अगदी हळू फिरवताना ७७.५ च्या जागी एक बारीक रेघ त्या गवतातून वर आली. नीट पाहिले तर ती श्वास घेत होती: दर सेकंदाला किंचित खाली, पुन्हा वर. कधी ओझरती खाली, कधी थोडी अधिक रेंगाळून. मग एकदा ती खाली गेलीच नाही, आणि आम्ही दोघे आपापली मनगटे पाहू लागलो. ती रेघ आम्हाला जी वेळ दाखवीत होती, ती माइनफ्लिंगेनहून निघून सुमारे तीन सहस्रांश सेकंद झाले होते.

खुंटीजवळ हात नेला की सूर हलतो, कारण हातही एक छोटासा कंडेन्सरच आहे. म्हणून खुंटीला वीतभर लाकडी दांडी जोडावी व हात दूर ठेवून फिरवावी. सूर सापडला की खुंटी तेथेच पक्की करून टाकावी. एकच केंद्र ऐकायचे आहे, तेव्हा ती पुन्हा हलविण्याचे कारण पडत नाही.

ह्यापुढचे काम दिशेचे, आणि माझ्या मते सगळ्यात रम्य. चौकटीची कड केंद्राकडे रोखली की लहर सर्वांत अधिक येते. तिचे तोंड केंद्राकडे केले तर जवळजवळ काहीच येत नाही. रोमहून माइनफ्लिंगेन उत्तरेस व किंचित पश्चिमेस आहे. परंतु गंमत अशी, की अधिकाची दिशा फार सैल असते. चौकट तीस अंश इकडेतिकडे फिरविली तरी लहर तेरा-चौदा टक्क्यांहून अधिक कमी होत नाही. बधिर दिशा मात्र सुरीच्या पात्यासारखी बारीक असते. पाच-दहा अंशांत ती सापडते आणि हरवते. शहाणा माणूस म्हणून चौकट केंद्राकडे लावीत बसत नाही. गोंगाट कोठून येतो ते पाहून चौकटीची बधिर बाजू त्याच्याकडे वळवितो, आणि केंद्राला जे मिळेल त्यात समाधान मानतो. दूरचित्रवाणीचे जुने, काचेच्या नळीचे संच घरोघरी होते, तेव्हा तर ही युक्ती अनिवार्यच होती: युरोपातील त्या संचांची रेषा-कंपने सेकंदाला १५,६२५ असत, आणि त्यांची पाचपट येते ७८,१२५, म्हणजे माइनफ्लिंगेनच्या अगदी अंगणात! ते संच गेले; त्यांची जागा आता चार्जर, एल.ई.डी. दिवे व इंटरनेटच्या डब्यांना वीज पुरविणाऱ्या छोट्या ठोकळ्यांनी घेतली आहे. शत्रू पूर्वी एक होता व त्याचा पत्ता ठाऊक होता. आता तो घरभर पसरला आहे. फादरांच्या खोलीत चौकट फिरवून फिरवून आम्हाला उमगले, की लिफ्ट आणि ट्यूबलाइट ह्यांच्याहून मोठा अपराधी त्यांच्याच पलंगाखाली होता: कोणी तरी सोयीसाठी लावून ठेवलेला, कशालाही न जोडलेला एक चार्जर. तो काढताच पडद्यावरचे गवत अर्ध्यावर आले.

अखेर घड्याळ चौकटीशेजारी ठेवले. ह्यालाही रीत आहे. घड्याळातील कांडी चौकटीच्या पृष्ठाशी काटकोनात असावी, म्हणजे वेढ्यांमधून आरपार जाणाऱ्या चुंबकीय रेषा कांडीच्या लांबीतूनही जातात. फार जवळ आणले तर दोघांचेही सूर बिघडतात, फार दूर ठेवले तर उपयोग नाही. वीत-दीड वीत अंतर ठीक. सेल काढून पुन्हा घातले. पहिल्या प्रयत्नात काही झाले नाही. चार बोटे मागे सरकवून पुन्हा घातले, आणि काही मिनिटांनी घड्याळ आपल्या यांत्रिक आवाजात वेळ बोलले, तारखेसह. आमच्या अभियंत्याने मोबाइलशी ताडून पाहिले. फादर म्हणाले, ‘मार्चमध्ये पुन्हा तास बदलेल, तेव्हा मला कोणी सांगू नका. मला पाहायचे आहे.’ मार्चच्या त्या रविवारी ते न्याहारीला वेळेवर आले. तो विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही.

उपग्रहांवरून वेळ मिळत असताना ही जुनी लहर कशाला, असे विचारणारे पुष्कळ आहेत. विचारणारे कधी कधी सरकारातही असतात. स्वित्झर्लंडने जिनेव्हा सरोवराकाठचे आपले ७५ किलोहर्ट्‌झचे केंद्र २०११ च्या अखेरीस बंद केले. अमेरिकेत २०१८ साली कोलोरॅडो व हवाई येथील वेळ-केंद्रे बंद करण्याचा प्रस्ताव अंदाजपत्रकातून आला होता. तो अमलात आला नाही. दुसरीकडे, उपग्रहांची वेळ फार क्षीण लहरींवर येते व ती सहज दाबून टाकता येते, ह्याचा अनुभव बाल्टिक समुद्राच्या परिसरातील वैमानिक अलीकडच्या वर्षांत वारंवार घेत आहेत. ब्रिटनने आपले ६० किलोहर्ट्‌झचे केंद्र २००७ मध्ये रग्बीहून कंब्रियातील अँथॉर्नला हलविले, पण चालू ठेवले. जपानची दोन केंद्रे आहेत. त्यांपैकी फुकुशिमाजवळच्या डोंगरावरचे केंद्र मार्च २०११ च्या अणुभट्टीच्या अपघातानंतर कर्मचाऱ्यांना सोडून यावे लागले, तेव्हा काही आठवडे मुके झाले होते, आणि त्याच्यावर विसंबलेली घड्याळे त्या काळात आपापल्या मनाने चालत होती. एकाच स्रोतावर विसंबू नये, हे त्यांतून ज्याने त्याने शिकावे.

भारतात ह्या खालच्या कंपनांवरचे सार्वजनिक वेळ-केंद्र नाही. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते, व तिचे वेळेचे प्रसारण पूर्वी होत असे ते लघुलहरींवर. तेव्हा परदेशाहून आलेले ते घड्याळ कितीही मोठ्या चौकटीजवळ ठेवले, तरी येथे त्याचा फायदा नाही. आणि समजा चमत्काराने ऐकू आलेच, तर ते वेळ दाखवील जर्मनीची. अशा बहुतेक घड्याळांच्या पाठीमागे काटे हाताने फिरविण्याचे बटण असते. ते दाबून धरावे व आकाशवाणीच्या बातम्यांपूर्वीचे ठोके ऐकून घड्याळ लावावे.

चौकट मात्र येथेही वाया जाणार नाही. तिच्यावर पंचवीसऐवजी अकराच वेढे, पाच-पाच मिलिमीटरांवर घ्यावे, आणि कायम कंडेन्सर काढून गँगचा एकच, पाचशे पिकोफॅरडचा भाग जोडावा. ती सबंध मध्यम-लहरीवर फिरू लागते. ट्रान्झिस्टर तिच्याशेजारी वीतभर अंतरावर, आतली कांडी चौकटीशी काटकोनात येईल असा ठेवून दूरचे एखादे क्षीण केंद्र लावावे आणि खुंटी सावकाश फिरवावी. रात्री आठनंतर, घरातले चार्जर काढून.